आवडीचं काहीतरी ठेवा

मोठ्यांच्या इंग्रजीच्या वर्गात मी काल आवडनिवड सांगायला शिकवत होतो. दोनांतलं जास्त काय आवडतं, असं शेजाऱ्याला इंग्रजीत विचारायचं आणि त्याने उत्तर द्यायचं. सुनंदाताईंच्या वाट्याला चहा की कॉफी आलं. परदेशातल्या मुलाकडे जायचं म्हणून त्या शिकतात, आणि इंग्रजी त्यांचं बरं आहे. त्यांनी अचूक वाक्यात सांगितलं, माझ्या मिस्टरांना कॉफी जास्त आवडते.

"अहो, तुमचं सांगा," शेजारीण म्हणाली.

"माझं काय, मला काहीही चालतं," त्या मराठीतच म्हणाल्या. वर्ग हसला. त्याही हसल्या.

मला हसता आलं नाही. आईच्या दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, तेव्हा गुरुजी म्हणाले, "त्यांच्या आवडीचं काहीतरी ठेवा पानात." आम्ही तिघं भावंडं एकमेकांकडे बघत राहिलो. बाबांना अळूवडी लागते, दादाला साय, ताईला गुळाची पोळी, मला करपलेली खिचडी, हे सगळं आम्हाला आईमुळेच पाठ होतं. तिचं मात्र कुणालाच सांगता येईना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला.

"सर, पुढची जोडी?" कुणीतरी विचारलं.

"थांबा जरा," मी म्हणालो. सुनंदाताई खिडकीबाहेर बघत खरंच आठवत होत्या. तास संपत आला होता. घाटावर उभा होतो तसाच मी हातात खडू धरून वाट बघत उभा राहिलो.