डोंग्यातली आडवी दांडी

इस्तारीचे पाय लहानपणीच्या तापाने नेले. बाकीचा इस्तारी तापाने ठेवला, आणि धीवराच्या घरात त्या उरलेल्या इस्तारीकडून भरपूर काम निघत होतं. तो जाळी विणायचा. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरचे मासे धरणारे त्याचं जाळं नुसतं चाचपून ओळखत. जमिनीवर तो चैतू सुताराने करून दिलेल्या चार चाकांच्या फळीवर बसे आणि हातांतल्या लाकडी ठोकळ्यांनी भुई मागे ढकलत पुढे जाई. पाण्यात त्याला फळी लागत नसे. तो पोहायचा, आणि चांगला पोहायचा. गावाला हे माहीत होतं, पण पटलेलं नव्हतं.

वर्षभराची जाळी खपायची ती पलीकडच्या काठावर, महाशिवरात्रीच्या जत्रेत. तिथे सडकेने मोटर जाई. एकदा कंडक्टरने इस्तारीची फळी टपावर चढवली आणि इस्तारीला खालीच ठेवून मोटर निघून गेली. फळी जत्रा पाहून आली. तेव्हापासून इस्तारी डोंग्यानेच जायचा.

डोंगा दसरूचा. एका झाडाचं खोड कोरून केलेला, लांब, अरुंद आणि मनाने हलका. नदी उन्हाळ्याकडे आटत आली तरी मधला डोह आटत नसे. आदल्या वर्षी भागीरथा नावाची लंगडी म्हातारी काठाजवळच डोंग्यातून पडली. तिचं लुगडं भिजलं आणि तोंड सुटलं, याहून जास्त काही झालं नाही. पण पंचांनी मनावर घेतलं. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला डोंग्यात बांधून न्यायचं, असं ठरलं. दसरूने डोंग्याच्या मधोमध दोन खाचा पाडून जाड बांबूची आडवी दांडी ठोकून बसवली. चांदा जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. नव्या राज्यातली गावातली पहिली सोय म्हणजे ही दांडी.

"पाटील, मले पोहता येते," इस्तारी पंचांचे मुख्य गुणवंतराव यांना म्हणाला.

"पायाबिगर?"

"मासोडीले कुठी पाय असते?"

लोक हसले. गुणवंतराव हसले नाहीत. "मासोडीची जबाबदारी पंचावर नाई," ते म्हणाले.

"मंग गाठ मलेच मारू द्या. पुढून."

"तू मारली त तूच सोडशीन," दसरू म्हणाला. "मंग बांधाचा फायदा काय, भाऊ?"

इस्तारीची बायको कुंता जाळ्यांचं गाठोडं घेऊन उभी होती. ती म्हणाली, "दसरूभाऊ, अंबाडीचा दोर पान्यानं वल्ला झाला का सुटत नाई."

"सुटू नये म्हनूनच त बांधतो, बाई."

डोंगा उलटला तर बाकीचे डोंग्यातून पडतील आणि आपण डोंग्याबरोबर खाली जाऊ, हे इस्तारीला दिसत होतं. पण न गेलं तर जाळी घरातच उंदरांना पुरणार होती. तो बसला. दसरूने त्याच्या कमरेला दोर घालून पाठीमागे दांडीशी गाठ मारली.

जाताना काही झालं नाही. दसरू खूश होता. लाट आली की बाकीचे उठतात आणि डोंगा हलवतात, इस्तारी उठत नाही. उतारू असावा तर असा, असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

जाळी दुपारपर्यंत खपली. मग इस्तारी लाकडी पाळण्यात बसला. पाळणेवाला झिंगू त्याला उचलून आत ठेवी आणि पुन्हा उचलायचा कंटाळा म्हणून तिथेच राहू देई. त्यामुळे धडधाकट माणसाला मिळत नसत इतके फेरे इस्तारीला मिळत. त्या दिवशी वर गेल्यावर त्याला नदीपात्रातली रेती उठलेली दिसली. तिच्यामागे आभाळ निळंकाळं होत होतं.

"झिंगू, उतरव. वारा येऊन राह्यला."

"वर वारा लागतेच, भाऊ," झिंगू म्हणाला आणि मायेने आणखी एक फेरा दिला.

वादळ इतरांनाही दिसलं, आणि सगळे मिळून त्याच्या आधी घरी पोचायला निघाले. डोंगा काठोकाठ भरला. इस्तारी मधोमध, बांधलेला. शेजारी गावचाच मनसाराम, जत्रेतून घेतलेली घोंगडी पांघरून. डोहावर गारा सुरू झाल्या. लोक डोकं झाकायला एका अंगाला वळले आणि डोंगा त्यांच्यासोबत वळला.

खाली अंधार होता. इस्तारीने दोन्ही हातांनी मागची दांडी धरून रेटली. ती हलली नाही. पुन्हा रेटली. पाण्याने फुगलेला दोर पोटात रुतत चालला होता. तिसऱ्या वेळी बांबू खाचेतून सटकला आणि पाठीला दांडी घेऊन इस्तारी वर आला. समोर दसरू तरंगत होता, डोंग्याची कड लागून त्याचं डोकं फुटलं होतं. इस्तारीने त्याचे केस धरले आणि एका हाताने पाणी कापत त्याला काठाला आणलं. तिथे कुंता आधीच पोहून आली होती. दोर तिला काठावरच्या एकाचा विळा मागून कापावा लागला. मनसाराम दुसऱ्या दिवशी खालच्या खडकात सापडला, घोंगडीसकट.

पंच बसले. डोक्याला फडकं बांधलेला दसरू रडत म्हणाला की इस्तारीने आणि दांडीने आपला जीव वाचवला, दांडी नसती तर दोघंही तरंगले नसते.

"दांडी उपटली म्हनून वाचलो," इस्तारी म्हणाला.

"तेच त," दसरू म्हणाला. "उपटली नसती त किती चांगला वाचला असता."

गुणवंतरावांनी हिशेब सोपा करून सांगितला. बांधलेला वाचला, सुटा गेला. याचं उत्तर बांधलेला बुडाला असता तरच मिळालं असतं, आणि ते द्यायला तो वर आला नसता.

दुसऱ्या वर्षी शिवरात्र आली. कोठीत जाळी होती आणि घरात दुसरं काही नव्हतं. इस्तारी फळीवरून काठावर आला तेव्हा दसरू लगबगीने पुढे झाला. त्याने बांबू काढून टाकला होता. नवी दांडी ऐनाच्या गाभ्याची होती, वजनदार, दोन्ही टोकांना लोखंडी पट्ट्या ठोकलेली. लाकूड त्याने स्वतः जंगलातून खांद्यावर आणलं होतं.

"हालवून पाह्य, भाऊ."

इस्तारीने दोन्ही हातांनी हालवून पाहिलं.

"ऐनाचं लाकूड पान्यात तरंगत नाई, दसरू," तो म्हणाला.

"तरंगाचं कामच नाई आता. जागची हालतच नाई."

दसरूने त्याला स्वतःच्या हातांनी उचलून बसवलं, आईने पोर बसवावं तसं, आणि पाठीमागे गाठ मारली. कुंता त्याच्या मागे बसली. यंदा विळा तिच्या कमरेला होता आणि बोटं गाठीवर. दसरूने डोंग्याकडे एकदा मान तिरकी करून पाहिलं.

"बाई, तुमी पुढं बसा. डोंगा कलते."

"मी इथीच बरी आहो."

"कलला त सगळे जातीन ना, बाई."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. कुंता उठली आणि माणसांच्या गुडघ्यांवरून वाट काढत पुढच्या टोकाला जाऊन बसली, तोंड मागे करून. दसरूने गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग ती पक्की बसावी म्हणून नदीचं ओंजळभर पाणी घेऊन दोरावर टाकलं आणि डोंगा लोटला.