कोऱ्या कापडाचे कोट

आता हसू येतं, म्हणून सांगतो. बर्फात भाड्याचे कोट घालायचे नाहीत, हा हुकूम माझा होता. शेजारी मनालीला जाऊन आले आणि त्यांनी फोटो दाखवले. त्यात अख्खं घर जांभळ्या-पोपटी फुगीर पोशाखात उभं. शंभर जणांनी घालून उतरवलेले कपडे आपण अंगावर चढवायचे? इथे कामतघरला आमचे आठ लूम, म्हणजे यंत्रमाग, आहेत. ज्याच्या शेडमध्ये दिवसभर कापड निघतं, त्याने दुसऱ्याच्या घामाचा कोट घालावा, हे मला पटेना. "अहो, दोन-चार तासांचा तर प्रश्न आहे," बायको म्हणाली. पण मी ऐकतो कुठला!

आमच्याच लूमवरचं जाड कोरं, बिनरंगाचं कापड काढलं, आत कापूस भरला आणि टेलरकडून चार कोट शिवून घेतले. कानांवरून बांधायच्या टोप्याही त्याच कापडाच्या. बायको म्हणाली, निदान डाईंगला तरी पाठवू. मी म्हटलं, बर्फात पांढरंच शोभतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नाताळच्या सुट्टीत लूम कारागिरांवर सोपवून आम्ही मनालीला निघालो. मी, बायको, सात वर्षांची लेक आणि माझी आई. आईला यायचंच नव्हतं. "बरफ काय बगाचा? फ्रीजमदी हाय की," म्हणत ती गाडीत बसली. आणि तिथे पोहोचल्यावर हातमोजा काढून सगळ्यांच्या आधी बर्फ तोंडात टाकला तो तिनेच.

पहिले दोन तास मजेत गेले. लेकीने बर्फाचा माणूस केला, याकवर बसून फोटो काढला. बायको स्कीवर दोन पावलं चालली, बसली, आणि हसण्याच्या भरात तिला उठताच येईना. मग ट्यूबवरून घसरायची पाळी आली. हवा भरलेली मोठी ट्यूब, तिच्यात पोराला बसवायचं आणि उतारावरून सोडून द्यायचं. बायको वर लेकीला बसवायला, मी खाली धरायला. ट्यूब सुटली आणि त्याच वेळी डोंगरावरून ढग उतरला. मला माझे बूटही दिसेनात.

ढगातून ट्यूब माझ्यापाशी आली. रिकामी.

माझी पाचावर धारण बसली. मी उतार चढायला लागलो. गुडघ्यापर्यंत पाय रुतत होते, आणि मी लेकीच्या नावाने हाका मारत होतो. लूमच्या खडखडाटात जन्म गेलेल्या माणसाचा आवाज केवढा असतो, ते आमच्या शेजाऱ्यांना विचारा. उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने ढग विरळ झाला, आणि लोकांची पोरं दिसायला लागली. लाल, पोपटी, जांभळी. लांबवरचीसुद्धा ओळखू येत होती. माझीच दिसेना. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पांढऱ्यावर पांढरं. मीच माझ्या पोरीला पुसून टाकलं होतं.

उताराच्या डाव्या अंगाला घळ होती. म्हातारा ट्यूबवाला तिकडेच बघत होता. बायको वरून घसरत, पडत खाली येत होती. मी भर माणसांत रडायला लागलो. लाज वाटायला सुचलंच नाही.

आई खाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती, ती उठून माझ्याजवळ आली. माझ्या लहानपणी लूम आमचे नव्हते. तेव्हा आई फोल्डिंगमध्ये कामाला जायची. तागे टेबलावरून ओढत तुटलेला धागा, तेलाचा डाग हुडकून काढायचा, हे तिने वीस वर्षं केलं. आम्ही सगळे वेड्यासारखे एकदम सगळीकडे बघत होतो. तिने डोळ्यांवर हात धरला आणि उतार वरच्या कडेपासून बघायला घेतला. डावीकडून उजवीकडे एक पट्टा. मग त्याखालचा.

"वरडू नको. गप ऱ्हा," ती मला म्हणाली. आणि मग, "ती काय. त्या खडकाच्या वरल्या अंगाला."

मला काहीच दिसेना.

"बरफ पांढरा हाय. आपलं कापड पांढरं हाय का? पिवळट न्हाय जरा? नीट बग."

मी पाहिलं. खडकाजवळ किंचित पिवळट असं काहीतरी होतं, आणि ते हललं. कोरं कापड पांढरं दिसतं ते खरं पांढरं शेजारी नसतं तोवरच. इतकी वर्षं मी तेच विकतोय आणि त्याचा रंग मला ठाऊक नव्हता.

ट्यूबवाला माझ्या आधी पोहोचला. लेक मऊ बर्फात कमरेपर्यंत रुतून, अंग चोरून बसली होती. गाल लालबुंद, बाकी खरचटलंसुद्धा नव्हतं. त्याने तिला उपसून माझ्या हातात दिलं आणि माझा जीव भांड्यात पडला. बायकोने तिला माझ्याकडून ओढून घेतलं, मी परत ओढली. "अम्मा, क्या नज़र है आपकी," ट्यूबवाला म्हणाला. "बीस साल यही किया," आई म्हणाली आणि परत खुर्चीत जाऊन बसली.

टपरीवर चहा घेतला, गरम नूडल्स घेतल्या. सगळे उगाचच हसत होतो. मला तर तो पांचट चहाही अमृत लागला. बायको न विचारता भाड्याचा भडक गुलाबी कोट घेऊन आली. मीच तो लेकीच्या अंगात चढवला, वरपर्यंत चेन लावली. त्याला कुणाकुणाच्या घामाचा वास येत होता. इतका चांगला कोट मी आजवर पाहिला नव्हता.

मग मी तिला विचारलं, "एवढ्या हाका मारत होतो, तुला ऐकूच आल्या नाहीत?"

"आल्या की."

"मग ओ का नाही दिलीस?"

ती नूडल्स फुंकत होती. "तू ओरडत होतास. मला वाटलं, मी ट्यूबमधून पडले म्हणून रागावलायस. म्हणून मी खाली वाकून बसले."

बायको चहाच्या ग्लासात बघत राहिली.

"रागावलो नव्हतो गं," मी पुटपुटलो. "घाबरलो होतो."

"काय?" ती म्हणाली. टोपीमुळे तिला ऐकू आलं नव्हतं.

मी तिच्या कानावरची टोपी बाजूला केली आणि परत सांगितलं, हळूच.