नेवेनाचा कोरडा उंबरा

बल्गेरियात, सोफियातल्या एका संशोधन संस्थेत नेवेना त्सोंचेवाच्या खिडकीत तांब्याचं एक भांडं असायचं. कुणी विद्यार्थी परदेशी निघाला, की ती त्यातलं पाणी उंबऱ्यावर ओतायची. त्यावरून पाऊल टाकलं की पुढची वाट पाण्यासारखी सुरळीत जाते, असं तिकडे सगळेच मानतात.

यंत्राला बल्गेरियन समजावं, यासाठी तिने जन्म वेचला. तरुणपणी बल्गेरियातच बनलेल्या संगणकाला तिने सांगितलं, आजीने दही लावलं. मग विचारलं, दही कुणी लावलं? पडद्यावर 'आजीने' उमटलं, तेव्हा अख्खा विभाग नाचला होता. पुढे सरकार गडगडलं, पगार आटले, हिवाळ्यात हातमोजे घालून टंकायची वेळ आली. पोरं तिच्या हाताखाली तयार व्हायची आणि निघून जायची. तिने यंत्रात भाषेचा एकेक नियम घासून बसवला होता. परदेशातल्या प्रचंड यंत्रांनी त्यातला एकही न शिकता घडाघडा बल्गेरियन बोलायला सुरुवात केली.

शेवटी उरला कालोयान. तोही गेला तर एकट्या नेवेनासाठी विभाग चालवणार नाही, असं संचालकांनी बजावलंच होतं. आणि कालोयानला झुरिकला नोकरी लागली.

निघायच्या दिवशी तो बॅग घेऊन दारात घुटमळला.

"बाई, पाणी?"

"नळाला नाही आज."

"भांडं तर भरलंय."

"ते झाडाचं आहे."

तो हसला. "आईने विचारलं तर काय सांगू? बाईंनी कोरडंच पाठवलं?"

"सांग, म्हातारी थकली. एवढ्या जणांना वाट करून दिली, परत यायची एकाला तरी सापडली का?"

"मग तुम्हीच चला की."

"तिथे मी काय करू? तुमचं यंत्र माझ्यापेक्षा शुद्ध बोलतं. बघितलंय मी बोलून."

कालोयानने बॅग खाली ठेवली. "नाही जात मी," तो पुटपुटला.

हेच ऐकायला ती महिनाभर झुरत होती. पण क्षणभर तिला तोच दिसला, पिकल्या केसांचा, हातमोजे घातलेला, तिच्याच खुर्चीत. तिने भांडं उचललं आणि उंबऱ्यावर पालथं केलं.

"नीघ आता. बूट भिजले तर भिजू देत."

जिन्यावरून उतरणारी त्याची पावलं ऐकू येईनाशी झाली. कुलूप लावायला तिलाही बाहेर पडायचं होतं, पण उंबरा ओला होता. तो वाळेपर्यंत ती आतच उभी राहिली. ते पाणी तिच्यासाठी ओतलेलं नव्हतं.