सरोजची लाल चुनरी

संक्रांतीला काळी चंद्रकळा काढायला ट्रंक उघडली, की डांबरगोळ्यांच्या वासासोबत ती लाल चुनरीही वर येते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जयपूरच्या छावणीतली आमची पहिलीच संक्रांत. आकाशभर पतंग, गच्च्यांवरून "वो काटा!"चा ओरडा, आणि खाली सीमेवर निघालेला ट्रक. यांना निरोप द्यायला मी चंद्रकळा नेसून आले, तशी शेजारची सरोज दचकली.

"भाभी, आज काला?"

"हमारे में आज काला ही पहनते हैं."

तिने आपल्या डोक्यावरची सौभाग्याची लाल चुनरी काढून माझ्या खांद्यांवर पांघरली आणि उघड्या डोक्यानेच ट्रककडे बघत राहिली. तिचा नवराही त्यातच होता.

हे परतले. तो नाही. मग ती लाल चुनरी तिला कुठल्या तोंडाने परत द्यायची?