हिराबाईंचा माळ आणि आम्ही तज्ज्ञ

समितीत बसून ज्ञान वाढतं का, हे मला या वयातही सांगता येत नाही. किस्से मात्र वाढतात. एक विसरावा तोवर दुसरा हजर!

मी मातीशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. मुरबाड तालुक्यातल्या एका चारा प्रकल्पावर सल्लागार होतो. म्हणजे मला आधी विचारत, आणि मग जे करायचं तेच करत. धसईच्या पुढे हिराबाईंचा एक उताराचा माळ आहे. त्यावर गवत वाढवून दाखवायचं, हे आमचं काम. त्यांच्या मुलाला, संतोषला, तो माळ फार्महाऊसच्या एजंटला विकायचा होता.

"दोन पावसाळं बघते," हिराबाई म्हणाल्या. "गवत झालं तर माळ माझा. नाय झालं तर एजंटचा."

*

पहिली बैठक जुलैत ठेवली. विषय, 'कोरड्या प्रदेशातील चारा'. नदीला पूर आला, रस्ता बंद झाला, बैठक रद्द.

विषय चुकीचा नव्हता. इथे चार महिने पाऊस कोसळतो, उतारावरची माती घेऊन जातो, आणि होळीपर्यंत माळ खडखडीत होतो. म्हणून पावसातच काम सुरू करायला हवं, असं मी प्रकल्पप्रमुखांना फोनवर सांगू लागलो. त्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणायचो.

सर म्हणाले, "बैठक आता उन्हाळ्यात घेऊ. विषयाला शोभेल."

हिराबाईंच्या दोन पावसाळ्यांतला एक असा गेला.

*

मधल्या काळात काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून म्हसा गावच्या जत्रेत, गुरांच्या बाजाराशेजारी, स्टॉल लावला. टेबलावर काचेच्या पेटीत मातीचे थर, पुढे कुंडीत पवन्या गवताचा उत्तम नमुना. सर माइकवर बोलत असताना बाजारातला एक बैल आला आणि नमुना खाऊन मोकळा झाला.

सर मालकावर चिडले. "बैल सांभाळता येत नाही?"

मालकाने वरचा बोर्ड पाहिला. "स्टॉल चाऱ्याचाच ना, सायेब? मंग तो बरोबर आलाय."

*

फाल्गुनात माळावर 'गवत जाळू नका' असा मोठा लोखंडी बोर्ड उभारला. अनावरण झालं, भाषणं झाली, जेवणं झाली. मग आमच्याच माणसांनी पत्रावळ्यांचा ढीग करून तो बोर्डाखाली पेटवला.

वारा होता. हिराबाई आणि संतोष ऐनाच्या झाडाचे डहाळे घेऊन धावले आणि आग झोडपून विझवली. तोवर माळाचा एक कोपरा काळा झाला होता.

हिराबाई घाम पुसत म्हणाल्या, "घाबरू नका, सायेब. तुमचा बोर्ड शाबूत हाये."

*

मग सरांना नेपियर हे भरपूर पाणी पिणारं गवत सुचलं. मी म्हणालो, "या खडकाळ उतारावर ते कदाचित जगणार नाही." माझ्या बोलण्यात 'कदाचित' फार येतं. सरांनी तेवढंच ऐकलं.

चैत्रात कांड्या लावल्या. त्या सुकायला लागल्या, तसा पाण्याचा टँकर मागवला. टँकर माळाला पोचायच्या आत पाड्यावरच्या बायांनी हंडे लावून तो रिकामा केला. सरांनी संतोषला जाब विचारला.

"आमी टँकर मागून थकलो, तर आला नाय," संतोष म्हणाला. "गवताला लगेच आला. आमाला वाटलं, चुकून तिकडं चाललाय."

*

दुसऱ्या पावसाळ्यात शेवटी माझं ऐकलं. माळाचे दोन तुकडे केले. एकावर उताराला आडवे दगडी बांध, शेणखत, पवन्याचं बी. दुसऱ्यावर काहीही करायचं नाही, तुलनेसाठी तो तसाच ठेवायचा. दोन्हीकडे चराई बंद.

कार्तिकात कापणी झाली. दोन्ही तुकड्यांचं गवत सारखंच भरलं.

"म्हणजे बांध आणि खत, दोन्ही निरुपयोगी," सर म्हणाले. आयुष्यभर वर्गात सांगितलं ते खोटं होतं की काय? दुसऱ्या तुकड्यात चालत गेलो, तर गवताच्या बुंध्याशी पाय दगडाला अडखळला. पुढे आणखी दगड, सगळे ओळीत.

"हिराबाई, हे काय?"

"बांध. शेन पन घातलं. उरलेलं बी पन इकडंच टाकलं."

"पण इथे काही करायचं नव्हतं."

"दोघी जावा जेवायला बसल्या, तर एकीला वाढायचं नि दुसरीला नुसतं बघायला लावायचं? हा तुकडा काय माझा नाय?"

संतोष डोक्यावर भारा घेऊन उभा होता. "आये, एजंटला काय सांगू?"

"सांग, माळावर जागा नाय. गवत हाये."

सरांची काळजी वेगळीच होती. पुढच्या आठवड्यात पाहणीला पाहुणे यायचे होते. "अहो बाई, बिघडलेली जमीन कशी दिसते, हे त्यांना आता दाखवायचं कुठे?"

हिराबाईंनी विळा कमरेला खोचला.

"तुमच्या हापिसामागं काडी उगवत नाय. तिथं न्या."