सुरतेची अँबेसेडर आणि आमचे साडू

रिकाम्या गाडीचं दुःख मनापासून करणारा माणूस या पृथ्वीवर एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान अमडापूरला राहतात, भाजीपाला पिकवतात आणि उरलेला सगळा वेळ रस्त्याकडे बघत बसतात. आमच्याकडे रिकाम्याला ‘खाली’ म्हणतात. समोरून एखादा खाली टेम्पो गेला की साडूंच्या हातातला घास हातातच राहतो. "कसा खाली चालला पाहा बिचारा," असं ते अशा आवाजात म्हणतात, की टेम्पोला आईबाप नसावेत असं आपल्याला वाटू लागतं. गावात पेशंट सोडून परत निघालेल्या रुग्णवाहिकेत त्यांनी मेथीच्या जुड्या भरून चिखलीला पाठवल्या आहेत. मी एकदा मेहकरहून त्यांच्याकडे कुणाच्या तेरवीला गेलो होतो. निघताना बघतो तर माझ्या मोटरसायकलच्या एका बाजूला वांग्यांची गोणी, दुसऱ्या बाजूला दुरुस्तीला द्यायचा कूलरचा पंखा. तेवढ्यात साडू एक हातभर लांबीचा आरसा घेऊन आले आणि तो मेहकरच्या कुण्या पाहुण्यांचा आहे म्हणून माझ्या पाठीला बांधू लागले. मी कुरकुरलो, तर म्हणाले, "पाठ तं खालीच आहे ना तुमची." त्या दिवशी मेहकरपर्यंत माझ्या मागून येणारा प्रत्येक मोटरसायकलवाला आधी माझ्या पाठीत बघून भांग नीट करायचा आणि मगच मला ओलांडून पुढे जायचा.

अशा या माणसाने मुलीला एक शब्द देऊन ठेवला होता. त्यांची स्वाती पाच वर्षांची असताना गावातल्या एका बड्या शेतकऱ्याकडे पांढरी अँबेसेडर होती. पोरीने ती बघून जाहीर केलं, की मी सासरी जाईन तर अशाच गाडीतून. इतर बाप हसून विसरले असते. साडू म्हणाले, "हाव, जाशील." पुढे ती मोठी झाली, नर्स झाली, तिचं लग्न ठरलं, मांडवाचा दिवस ठरला, आणि महिनाभर आधी साडूंनी मला मोबाईलवर एक फोटो दाखवला. सुरतेच्या एका गॅरेजच्या मागच्या आवारात पांढरी अँबेसेडर उभी होती आणि तिच्या टपावर एक कोंबडी बसली होती. "घेतली," साडू म्हणाले. मी विचारलं, चालू आहे का? ते म्हणाले, "कोंबडीच्या खालचं सगळं चांगलं आहे. फक्त इंजिन जाम आहे." स्वातीने डोक्याला हात लावला. ती म्हणाली, "बाबा, मी पाच वर्षाची होती तवा. कोणी धरून बसते का?" पण साडू धरून बसले होते.

आता बंद पडलेली गाडी सुरतेहून अमडापूरला आणायची कशी? गाडी वाहून आणणाऱ्यांनी सांगितलेल्या भाड्यात आणखी एक अँबेसेडर आली असती, कदाचित कोंबडीसकट. पण ज्याने आयुष्यभर रिकाम्या गाड्याच बघितल्या, त्याला हे काय अवघड? सुलतानपूरचा एक ट्रकवाला कांदा घेऊन सुरतेला जातो आणि पुष्कळदा परतीचा माल न मिळाल्याने खालीच येतो, हे साडूंना त्याच्या बायकोच्या आधी ठाऊक असतं. त्यांनी त्याला गाठलं. डिझेलला हातभार आणि वाटेतलं जेवण, एवढ्यावर सौदा झाला. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मला त्या आठवड्यात काही काम नाही हे त्यांनी ओळखलं होतं. "तुमी घरी खाली बसून काय करून राह्यले?" या एका प्रश्नावर मी साडू आणि कांद्याबरोबर सुरतेला गेलो.

तिथला सोहळा मी कधी विसरणार नाही. गॅरेजला लागूनच्या एका बंद गोदामाला ट्रकच्या उंचीचा, माल चढवायचा धक्का होता. ड्रायव्हरने ट्रक त्याला पाठमोरा भिडवला. सहा हमालांनी अँबेसेडर ढकलत ट्रकमध्ये घेतली. ड्रायव्हर आमचा मोजकं बोलणारा, पण पक्का. त्याने चाकांच्या पुढे-मागे रेतीच्या गोण्या दाबल्या, दोर गाडीला न बांधता चाकांना बांधले आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. इंजिन जाम म्हणजे गिअरात चाकंही जाम. बंद गाडीचा एवढाच काय तो फायदा. सगळं झाल्यावर तो साडूंना म्हणाला, "चला काका, केबिनमधी बसा." साडू जागचे हलेनात. त्यांची अडचण माझ्या लक्षात आली. ट्रक भरला होता, पण ट्रकवरची गाडी खाली होती.

आणि मग सुरत ते अमडापूर हा माणूस ट्रकवरच्या अँबेसेडरच्या स्टिअरिंगवर बसून आला. आम्ही दोघे पुढे केबिनमध्ये, आणि मागे, आमच्याहून उंचावर, काच खाली करून कोपर बाहेर काढलेले साडू. धुळ्याच्या अलीकडे नाक्यावरच्या माणसाने मान वर करून विचारलं, गाडी कोणाची? वरून उत्तर आलं, "माझी. मीच चालवून राह्यलो." मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राजूर घाट चढू लागलो. प्रत्येक वळणावर मागे काहीतरी किरकिरत होतं. ड्रायव्हरने ट्रक बाजूला घेऊन पाहिलं, तर साडू घामाघूम होऊन अँबेसेडरचं स्टिअरिंग वळवत होते. "काका, तुमी काऊन वळवता? मी वळवून राह्यलो ना खालून!" साडूंनी कपाळ पुसलं. "तू तुया गाडीचं पाहाय बे," ते म्हणाले, "मी माह्या गाडीचं पाहातो."

साडूंनी कोंबडीपासून घाटापर्यंत सगळ्याचा विचार केला होता. एकच गोष्ट राहिली होती, ती गावाच्या शिवेवर ट्रक थांबल्यावर मी विचारली: उतरवायची कशी? अमडापुरात धक्का नव्हता. आख्खी वरात घराशी पोचल्यावर नवरदेवाला घोड्यावरून उतरता येत नाही असं कळावं, तशी आमची गत झाली. ड्रायव्हरला दुपारी सुलतानपूरला कांदा भरायचा होता, त्याने ट्रकचं इंजिन चालूच ठेवलं होतं. साडूंनी गावाबाहेरच्या आपल्या शेताकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. वर्षभराचा शेणखताचा ढीग तिथे ट्रकच्या उंचीला पोचला होता. वरून पाय देऊन बघितला, तर फरशीसारखा टणक. ट्रक मागे घेतला, गाडी गिअरमधून काढली, गावातल्या दहाजणांनी लोटली. वरचा थर वाळलेला होता खरा. आतला नव्हता. अँबेसेडर रुबाबात दोन हात पुढे गेली आणि मग एखादी म्हैस डबक्यात बसते तशी सावकाश, चारही चाकांनी खाली बसली. ट्रक भुर्रकन निघून गेला. मेव्हणी कमरेवर हात ठेवून बांधावर उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "लगन आठ दिवसावर आलं, आन तुमी खतात गाडी पेरली. बरं झालं. पाण्यापावसानं दोन उगवतीन."

दोन बैलजोड्यांनी गाडी बाहेर काढली. मेहकरहून मी मिस्त्री नेला. त्याने बॉनेट उघडलं, आत बघितलं, परत लावलं. इंजिन पूर्ण उतरवावं लागेल, दिवाळीपर्यंत बघू, म्हणाला. साडूंनी उरलेले दिवस गाडी धुण्यात घालवले. सात वेळा धुतली, उदबत्त्या लावल्या, शिटांवर अत्तर शिंपडलं, आणि परिणामी आधी नुसता शेणाचा वास यायचा तो आता शेण आणि मोगऱ्याचा येऊ लागला.

लग्न थाटात लागलं. पाठवणीची वेळ झाली तशी मुलाकडच्यांची नवी कोरी, फुलांनी मढवलेली गाडी मांडवाशी येऊन लागली. साडू कुठे दिसेनात. शोधलं तर ते गोठ्यापाशी अँबेसेडरच्या मडगार्डवर हात ठेवून उभे होते. त्यांच्या डोक्यावर नवा फेटा होता आणि चेहरा उतरलेला. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात शालू सावरत स्वाती आली. तिने गाडीकडे बघितलं, बापाकडे बघितलं. म्हणाली, "बाबा, दोनशे माणूस जेवलं आज आपल्या घरी. धक्का माराले कमी पडते का?"

तिने स्वतःच दार उघडलं आणि मागच्या शिटावर जाऊन बसली. नवरदेव बिचारा शेजारी बसला, पण बायकोने एकदाच त्याच्याकडे बघितलं आणि तो मुकाट्याने उतरून मागे ढकलायला लागला. लग्नातला पहिला निर्णय झाला तो हा. पुढे बँड, मागे व्याही, वऱ्हाडी, आचारी, आणि ढकलणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला मोगऱ्याचा वास. ढकलायच्या गाडीला स्टिअरिंगवर माणूस लागतोच, म्हणून साडू पुढे बसले. घरापासून फाट्यापर्यंतचं अंतर चालत पाच मिनिटांचं. आम्हाला पाऊण तास लागला. बापलेक आत काय बोलले मला माहीत नाही. मी मागून ढकलत होतो, मला फक्त आरशात साडूंचे डोळे दिसत होते, आणि ते रस्त्याकडे नव्हते.

फाट्यावर स्वाती उतरली, पाया पडली, मागून आलेल्या नव्या गाडीत बसली. ती गाडी एका मिनिटात दिसेनाशी झाली. साडू धुळीकडे बघत म्हणाले, "चालू असती तं आपलीही अशीच गेली असती."

माणसं पांगली. मांडवात जेवणाची आवराआवर राहिली होती. आम्ही पाच-सातजण गाडी परत फिरवायला मागे उभे राहिलो. साडू स्टिअरिंगवर बसले, पण गिअर काढेनात. मान वळवून मागच्या शिटाकडे बघत राहिले. तिथे मोगऱ्याची चार फुलं पडली होती.

"भाऊ," ते मला म्हणाले, "तुमी मागं बसा बरं."

मी हात झटकले, दार उघडलं आणि बसलो.