वाचनालय, दोन ते पाच

आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत त्याला सगळे भोंगा म्हणायचे. तळमजल्यावर शिंकला तर सातव्या मजल्यावरची आजी दार उघडायची, असा आवाज. तो वर मोटारीपाशी, मी खाली लिफ्टच्या खड्ड्यात, अशी पंधरा वर्षं काढली. अक्कल दोघांत मिळून एक, आणि तीही बहुतेक रजेवर. आता तो इतकं हळू बोलतो की मला दोनदा विचारावं लागतं. नवी माणसं कारण विचारतात तेव्हा मी पान्हे मोजत बसतो.

झालं असं. पैज लावून आम्ही कंपनीची गाडी उलटी पळवली आणि एका शाळेच्या भिंतीत घातली. कोर्टाने तुरुंगाऐवजी शंभर-शंभर तास दिले, बिघडलेल्या मुलांना वळण लावायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

आमच्या वाट्याला बारा वर्षांची एक मुलगी आली. आई गेलेली, बाप तुरुंगात. शाळेच्या काचा दोनदा फोडलेल्या, एका मास्तरांना चावलेली. सहा महिन्यांनी समिती ठरवणार होती. वागणूक नीट राहिली तर ती मावशीकडे जाणार, नाहीतर अठरा पूर्ण होईपर्यंत सुधारगृहात. मावशीने तिच्यासाठी खिडकीजवळचा पलंग रिकामा केला होता. हे ती आम्हाला दर शनिवारी सांगायची.

भोंगा तिला ‘मालकीणबाई’ म्हणायचा. पोरंबाळं नसलेला माणूस, पण तिच्यापुढे लोण्यासारखा व्हायचा. ती त्याचं शुद्धलेखन तपासायची आणि वर म्हणायची, ‘‘काका, तुम्ही चौथीत तरी पास झालात का?’’

त्या शनिवारी तिला वाचनालयात न्यायचं होतं. वाटेत थिएटरवर पोस्टर दिसलं. दोन बेजबाबदार बाप्ये, कोर्टाची शिक्षा, आणि गळ्यात पडलेली दोन वांड पोरं.

‘‘अरे, हा तर आपल्यावरच काढलाय!’’ भोंगा रस्त्यात ओरडला.

तिघंही आत गेलो. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. तिला हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. बाहेर आल्यावर मी तिकिटं फाडून कचऱ्यात टाकली आणि हजेरीच्या कागदांवर लिहिलं, ‘वाचनालय, दोन ते पाच.’ भोंग्याने त्याच्या कागदावर सही ठोकली. असल्या थापा आम्ही आधीही मारल्या होत्या.

नेमकी त्याच दुपारी, साडेतीनला, तिच्या शाळेची प्रयोगशाळा कुणीतरी फोडली. नाव कुणाचं येणार? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं.

समितीच्या खोलीत लांब टेबलामागे आमची हजेरी तपासणाऱ्या निरीक्षक बाई बसल्या होत्या. भोंगा उभा राहिला. ‘‘ती माझ्याबरोबर होती, बाई. पिक्चरला. आईशप्पथ.’’

बाईंनी त्याच्यापुढे कागद सरकवला. ‘‘ही सही तुमचीच ना? वाचनालयात तर कुणी आलंच नाही म्हणतात. मग खोटं काय? सही की शपथ?’’

‘‘सही खोटी.’’

‘‘म्हणजे कोर्टाला खोटं लिहून दिलंत. आत जाल, माहीत आहे?’’

‘‘जाईन की. पण पोरगी माझ्याबरोबर होती.’’

मी मागच्या बाकावर होतो, माझा कागद अजून खिशातच होता. उठून एवढंच म्हणायचं होतं की मीही होतो, आणि ते अक्षर माझं आहे. माझे वीस तास उरले होते, घरी बायको होती, आणि तिलाही मी वाचनालयच सांगितलेलं होतं. मी बुटांकडे बघत बसलो. याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

मुलगी भोंग्याकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान वर केली नाही हेही पाहिलं.

‘‘मीच फोडली,’’ ती म्हणाली. ‘‘काका मला वाचवायला खोटं बोलतायत. त्यांना आत टाकू नका.’’

‘‘नाही!’’ भोंगा एवढ्या मोठ्याने ओरडला की शिपाई धावत आला. ‘‘मालकीणबाई, असं नको बोलू! मावशीकडे जायचंय ना तुला?’’

निरीक्षक बाई उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

‘‘शाब्बास,’’ त्या म्हणाल्या. ‘‘खरं बोलायला धाडस लागतं.’’